धावचीताचा कर्ता

गेल्या पंधरवड्यात बी. ए.च्या वर्गावर समास शिकवीत होतो. तत्पुरुषाची ठरीव उदाहरणे देऊन झाली. तोंडपाठ, राजवाडा, देवपूजा वगैरे. मग विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरातले काही घ्यावे म्हणून फळ्यावर क्रिकेटचे चार शब्द लिहिले : त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावचीत. पहिले दोन चटकन सुटले. तिसऱ्यावर मात्र मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, यष्टिचीतात बी दांड्याच उडतात अन् धावचीतात बी दांड्याच उडतात. मग नावं दोन कशाला?" वर्ग हसला. मीही हसलो आणि वेळ मारून नेण्यापुरते उत्तर दिले : एकात यष्टिरक्षक दांड्या उडवतो, दुसऱ्यात कोणीही. हे उत्तर अर्धे होते आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही ते कळले होते. उरलेले अर्धे शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो आहे.

आमच्या बिलोली परिसरातील मुले हे मराठी शब्द मैदानावर उच्चारत नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. टेनिसच्या चेंडूवर चालणाऱ्या इथल्या खेळात मराठी, तेलुगू, दखनी सगळे मिसळलेले असते आणि बाद होण्याचे शब्द मात्र सरसकट 'बोल्ड', 'क्याच', 'रनआउट'. विटांची चळत हीच यष्टी असेल, तर यष्टिचीत हा प्रकारच बहुधा बाद ठरतो, कारण विटांच्या मागे थांबायला कोणी तयार नसतो. धावचीत मात्र असतोच आणि त्यावरून भांडणही असतेच. 'यष्टी' हा शब्द आमच्या विद्यार्थ्याला भेटतो तो 'शरीरयष्टी'त, नाही तर वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर. तेथेही तो हमखास 'यष्टीचीत' असा दीर्घ छापलेला असतो. सुटा शब्द दीर्घ, समासात आला की ऱ्हस्व, हा आपला नियम मुद्रितशोधकांनी केव्हाच सोडून दिला आहे. असो.

नियम थोडक्यात असा. क्रिकेटच्या नियमावलीत धावचीत हा अडतिसावा आणि यष्टिचीत हा एकोणचाळिसावा नियम. यष्टिचीत होण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. चेंडू नोबॉल नसावा (वाइड असला तरी चालतो), फलंदाज आपल्या रेषेबाहेर असावा, तो धाव घेण्याच्या प्रयत्नात नसावा आणि यष्टिरक्षकाने दुसऱ्या कोणा क्षेत्ररक्षकाच्या मदतीवाचून बेल्स पाडाव्यात. यांतील एखादी गोष्ट हलली की प्रकरण एक तर धावचीताकडे जाते, नाही तर फलंदाज नाबाद ठरतो. शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या एकनाथ सोलकरांसारख्या क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलून थेट यष्टीवर मारला आणि फलंदाज, धावेचा विचारही मनात नसताना, दोन पावले पुढे राहिलेला असला, तर तो धावचीत. आता तेथे धाव कुठे आहे? नावात आहे तेवढीच.

या चार अटींतील तिसरी माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला विशेष वाटते. समजा, फिरकी चेंडू आहे, फलंदाज पुढे सरसावला आहे, चेंडू हुकून यष्टिरक्षकाच्या हाती गेला आहे आणि बेल्स पडल्या आहेत. येथवरचे चित्र दोन्हींत एकच असू शकते. फलंदाज चेंडू टोलवायला पुढे गेला असेल तर यष्टिचीत. चोरटी धाव काढायला निघाला असेल तर धावचीत. म्हणजे पंचाने हात कृतीसाठी वर करायचा असला, तरी त्या कृतीचे नाव ठरते फलंदाजाच्या हेतूवरून. आणि त्या हेतूवरच आणखी एक गोष्ट अवलंबून असते, तीही तिसऱ्याच माणसाची : गोलंदाजाच्या खात्यात बळी जमा होणार की नाही. यष्टिचीताचा बळी गोलंदाजाला मिळतो, धावचीताचा कोणालाच मिळत नाही.

येथून मी शब्दांकडे वळतो. आपली क्रिकेटची परिभाषा हा मराठीतील नवशब्दनिर्मितीचा एक नमुनेदार प्रयोग आहे आणि आपल्या भाषाभ्यासकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे. आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन करणारे पुण्याचे बाळ ज. पंडित यांच्याकडे या घडणीचे बरेचसे श्रेय दिले जाते. शब्द कोणाचेही असोत, ते कुठून उचलले ते पाहण्यासारखे आहे. 'गोलंदाज' हा तोफखान्यातला. फार्सी 'अंदाज' म्हणजे फेकणारा, जसा तिरंदाज. तोफेचा गोळा डागणारा गोलंदाज मराठी कागदपत्रांत क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याच्या साच्यावर 'फलंदाज' घडला. 'षटक' संस्कृतातून, 'बळी' देवळापुढून. आणि 'चीत' आला तो थेट कुस्तीच्या हौद्यातून. पाठ मातीला लागली की पैलवान चीत. इंग्रजी शब्द फलंदाजाला मैदानाबाहेर धाडतो, मराठी शब्द त्याला उताणा पाडतो. जत्रेतल्या कुस्त्या पाहत वाढलेल्या समाजाने परक्या खेळातील पराभवाला आपल्या ओळखीचे रूप दिले, असे त्यात मला दिसते.

आता या 'चीत'चा गुण असा की त्याला पाडणारा लागतो. पैलवान आपण होऊन चीत होत नाही, त्याला कोणी तरी चीत करतो. 'यष्टिचीत' हा शब्द ही अपेक्षा पूर्ण करतो. समालोचक सहज म्हणून जातो, 'मोरे यांनी त्याला यष्टिचीत केले.' याउलट 'धावचीत' बहुतेक वेळा 'होतो'. 'गोंधळ उडाला आणि तो धावचीत झाला.' एका शब्दाला 'करणे' चिकटते, दुसऱ्याला 'होणे'. विग्रह करतानाही हीच अडचण येते. धावेने चीत म्हणावे तर तृतीया, धावेत चीत म्हणावे तर सप्तमी. म्हणजे धाव हे साधन की ती केवळ जागा? वर्गात मी हा प्रश्न तसाच सोडून दिला होता.

स्कोअरबुकाचा इतिहास पाहिला तर कर्त्याचे हे कोडे तेथेही सापडते. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये फलंदाज झेलबाद वा यष्टिचीत झाला, तर त्याच्यापुढे झेल घेणाऱ्याचे किंवा बेल्स पाडणाऱ्याचे नाव लिहीत. ज्याच्या चेंडूवर हे घडले त्या गोलंदाजाचे नावच येत नसे. त्याच्या नावावर लागायचे ते फक्त त्रिफळे. साधारण १८३० नंतरच्या काळात ही रीत बदलत गेली आणि झेल व यष्टिचीत यांच्या ओळीत दोन्ही नावे येऊ लागली. म्हणजे आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटणारी 'यष्टि. अमुक, गो. तमुक' ही दोन नावांची ओळ ही एक कमावलेली गोष्ट आहे. चेंडू वळवणारा आणि तो टिपणारा असे दोघे मिळून एक कृती करतात, हे मान्य व्हायला वेळ लागला. धावचीताच्या ओळीला मात्र तो मान फार उशिरापर्यंत मिळाला नाही. तेथे नुसताच 'धावचीत' हा शब्द. क्षेत्ररक्षकाचे नाव कंसात देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली ती अगदी अलीकडच्या काही दशकांत.

एका ओळीत दोन नावे येणे ही आपल्याकडे लहान गोष्ट नव्हती. पुण्यात ब्रिटिशांना चेंडू टाकता टाकता नावारूपाला आलेले पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले ते जिंकण्यासाठी. मैदानात एकाच चेंडूला सगळ्यांचे हात लागत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना वेगळ्या मातीच्या पेल्यात, बाहेर. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या संघात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले आणि त्या संघाचे यष्टिरक्षण शेषाचारी करीत. धावफलक लिहिणाऱ्याला पंगतीचे नियम पाळता येत नाहीत. झेल असो वा यष्टिचीत, टिपणारा आणि टाकणारा ही दोन नावे त्याला शेजारी शेजारीच लिहावी लागतात. यावरून क्रिकेटने जातिभेद मोडला असे म्हणणारा मी नाही. तसे झाले असते तर बाळूंना, योग्यता असूनही, हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारले गेले नसते. पण कागदावर का होईना, एक ओळ अशी होती की जिच्यात वरखाली नव्हते.

मराठी यष्टिरक्षकांचा इतिहास लिहायचा तर जनार्दन नवले यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने आपली पहिली कसोटी खेळली. त्या सामन्यात यष्टिरक्षण नवले यांचे आणि भारताच्या डावातला पहिला चेंडू खेळणारेही तेच. माझ्या विषयाला अधिक जवळचे मात्र नरेन ताम्हाणे. मुंबईचा हा यष्टिरक्षक २१ कसोटी खेळला आणि त्याने ३५ झेल व १६ यष्टिचीत नोंदवले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक तिसरा बळी यष्टीमागून बेल्स पाडून. हे प्रमाण आजच्या यष्टिरक्षकांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. कारण उघड आहे : समोरून सुभाष गुप्ते लेगब्रेक टाकीत होते. गुप्ते-ताम्हाणे ही जोडी म्हणजे दोन नावांच्या ओळीचे सार. चेंडू उंची देऊन फलंदाजाला पुढे बोलवायचे काम एकाचे, तो परतण्याआधी दार लावून घेण्याचे काम दुसऱ्याचे. ओळ सामाईक असली की उणीवही सामाईक होते. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध गुप्ते यांनी एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. दहावा त्यांच्या हातून निसटला तो लान्स गिब्जचा, कारण त्यांच्या चेंडूवर त्याचा झेल ताम्हाणे यांच्याकडून सुटला. पुढे गिब्जला वसंत रांजणे यांनी बाद केले. एखाद्या डावातले दहाही बळी एकाच्या नावावर लागणे हा किती दुर्मिळ योग! तो हुकला आणि यष्टिरक्षकाचे नाव त्या हुकण्याशी जोडले गेले.

ऑस्ट्रेलियाचे बर्ट ओल्डफील्ड यांच्या नावावर कसोटीत १३० बळी आहेत, त्यांतले ५२ यष्टिचीत. बडोद्याच्या मराठी घरातून आलेले किरण मोरे यांचेही नेमके १३०, पण यष्टिचीत २०. योगायोगाने बेरीज जुळते आणि फरक ठळक दिसतो. या मधल्या अर्धशतकात खेळपट्ट्या झाकल्या जाऊ लागल्या, वेगवान गोलंदाजीचे राज्य आले आणि फिरकीला पुढे सरसावून खेळण्याची हौस कमी झाली. यष्टिचीत हा प्रकार हळूहळू दुर्मिळ झाला. आणि तरीही एका कसोटीत सर्वाधिक यष्टिचीत करण्याचा विक्रम मोरे यांच्याच नावावर आहे. जानेवारी १९८८, चेपॉक, वेस्ट इंडीज. नरेंद्र हिरवानी यांची ती पहिलीच कसोटी. त्यांनी पहिल्या डावात ६१ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ७५ धावांत ८ असे १३६ धावांत १६ बळी घेतले. मोरे यांचे सामन्यात ६ यष्टिचीत, त्यांतले ५ दुसऱ्या डावात. वेगवान गोलंदाजांना भीक न घालणारे कॅरिबियन फलंदाज त्या धुळीच्या खेळपट्टीवर एकामागून एक पुढे सरसावत होते आणि परतत नव्हते. भारत २५५ धावांनी जिंकला. लोकांच्या ध्यानात राहिले ते हिरवानी, आणि ते योग्यच. पण मोरे यांच्या कारकिर्दीतील २० पैकी ६ यष्टिचीत त्या एका सामन्यातले आहेत, हे पाहिले की ओळीतले दुसरे नाव किती मोलाचे होते ते समजते.

धावचीताकडे वळले की हा सगळा नीटनेटका हिशेब कोलमडतो. लॉर्ड्सच्या त्या पहिल्याच कसोटीत इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. पहिले दोन बळी महंमद निसारचे. तिसरा फ्रँक वूली, धावचीत. तो केला लालसिंग यांनी, मलायातून आलेल्या क्षेत्ररक्षकाने. त्या वेळच्या पद्धतीने धावफलकात नोंद झाली ती केवळ वूलीच्या फसलेल्या धावेची. लालसिंग ती एकच कसोटी खेळले.

याहून चमत्कारिक उदाहरण ओव्हलवरचे, ऑगस्ट १९७१ चे. भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकली तो हा सामना. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात ब्रायन लकहर्स्टने चेंडू सरळ परत मारला, तो भागवत चंद्रशेखर यांच्या हाताला लागून समोरच्या यष्टीवर गेला आणि धावेच्या तयारीत पुढे आलेला जॉन जेम्सन बाद झाला. पहिल्या डावातही तो धावचीतच झाला होता, ८२ वर. चंद्रशेखर यांनी त्या डावात ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंड १०१ त संपले. चेंडू त्यांनीच टाकलेला, हातही त्यांचाच लागलेला, पण जेम्सन त्या सहांत नाही, असूही शकत नाही. स्वतः टाकलेल्या चेंडूने, स्वतःच्या हाताने, यष्टी मोडूनही गोलंदाज त्या कृतीचा कर्ता ठरला नाही. त्याच सामन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी, १७३ च्या पाठलागात, कर्णधार अजित वाडेकर आदल्या दिवशीच्या ४५ वर एकही धाव न वाढवता धावचीत झाले. सोबत दिलीप सरदेसाई होते. वाडेकर पॅव्हेलियनमध्ये जाऊन झोपी गेले आणि विजयाची बातमी केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवून सांगितली, ही आठवण ते स्वतः सांगत. ती वाचली की मला नेहमी वाटते, यष्टिचीत होऊन आलेला माणूस असा झोपला नसता. आपल्याच पावलाने चूक केलेल्याला झोप लागत नाही. धावचीतात निदान दोष कुठे ठेवायचा हा प्रश्न मोकळा असतो. हे अर्थात माझे अनुमान, वाडेकरांचे नव्हे.

दोष कुठे ठेवायचा, हाच खरा मुद्दा आहे. धावफलक कर्त्याची जागा रिकामी ठेवतो, पण पाहणारा समाज ती रिकामी राहू देत नाही. सचिन तेंडुलकरांच्या कारकिर्दीतले तीन प्रसंग शेजारी ठेवले तर हे नीट दिसते. (मराठीच्या प्राध्यापकांना हे उदाहरण घेण्याचा थोडा अधिकार आहे. रमेश तेंडुलकर हे कवी, समीक्षक आणि कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवणारे.)

पहिला प्रसंग डर्बनचा, १४ नोव्हेंबर १९९२. जॉन्टी ऱ्होड्स यांच्या फेकीवर तेंडुलकर ११ वर धावचीत. दूरचित्रवाणीच्या पुनर्दर्शनावरून तिसऱ्या पंचाने बाद ठरवलेला कसोटीतला हा पहिला फलंदाज. येथे पंचाच्या डोळ्याची जागा यंत्राने घेतली. यंत्राशी कोण भांडणार? दुसरा प्रसंग फेब्रुवारी १९९९ मधला, कोलकात्याचा, पाकिस्तानविरुद्ध. तिसरी धाव पूर्ण करताना तेंडुलकर शोएब अख्तरवर आदळले आणि बदली क्षेत्ररक्षक नदीम खान याची दुरून आलेली फेक थेट यष्टीवर बसली. धावा ९. तिसऱ्या पंचाने नियमानुसार बाद दिले. ईडन गार्डन्सवरच्या जमावाला मात्र नियमातला कर्ता पटेना. त्यांनी शोएबला दोषी ठरवले. मैदानात वस्तू येऊन पडू लागल्या, खेळ थांबला, तेंडुलकरांना स्वतः मैदानाला फेरी मारून लोकांना शांत करावे लागले. शेवटच्या दिवशी पुन्हा तेच झाले आणि अखेरीस प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या मैदानात सामना संपवला गेला.

तिसरा प्रसंग यष्टिचीताचा. २०० कसोटी खेळलेला हा फलंदाज कसोटीत एकदाच यष्टिचीत झाला : डिसेंबर २००१, बंगलोर, धावा ९०, यष्टिरक्षक जेम्स फॉस्टर, गोलंदाज ॲशली जाइल्स. इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेन याने जाइल्सला लेगस्टंपच्या बाहेर, फलंदाजाच्या पायांमागच्या खडबडीत जागेवर चेंडू टाकत राहायला सांगितले होते. तेंडुलकर बराच वेळ ते पायाने अडवत राहिले आणि शेवटी पुढे सरसावले. या डावपेचावर भरपूर टीका झाली, कंटाळवाणा, नकारात्मक वगैरे. पण ती टीका डावपेचावर होती, बाद होण्यावर नव्हती. 'यष्टि. फॉस्टर, गो. जाइल्स' ही ओळ कोणालाही खटकली नाही. फलंदाज फसला, दोघांनी मिळून फसवला, तिघांचीही भूमिका कागदावर स्पष्ट. त्या नव्वदसाठी हळहळ झाली, दंगा झाला नाही.

कर्त्याच्या रिकाम्या जागेत समाजाने नाव भरले, याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र विनू मांकड यांचे. १९४७-४८ चा भारताचा पहिला ऑस्ट्रेलिया दौरा. कर्णधार लाला अमरनाथ, उपकर्णधार सांगलीचे विजय हजारे. नोव्हेंबरमध्ये सिडनीलाच एका दौरासामन्यात चेंडू पडण्याआधी बिल ब्राउन रेषा सोडून पुढे निघत असल्याचे मांकड यांनी पाहिले, त्याला ताकीद दिली आणि तो पुन्हा निघाला तेव्हा बेल्स पाडल्या. १३ डिसेंबर १९४७ रोजी त्याच मैदानावर, दुसऱ्या कसोटीत, ब्राउन १८ वर असताना तेच पुन्हा घडले. धावफलकात नोंद झाली : ब्राउन धावचीत १८.

त्या कसोटीत भारताने १८८ केल्या आणि ऑस्ट्रेलियाला १०७ त गुंडाळले. कोल्हापूरचे दत्तू फडकर यांचे ते पदार्पण : ५१ धावा आणि १४ धावांत ३ बळी. हजारे यांचे ४ बळी. पावसाने सामना अनिर्णित राहिला. पण हे सारे मागे पडले. लोकांनी लक्षात ठेवला तो एक धावचीत. ऑस्ट्रेलियातील काही वृत्तपत्रांनी मांकड यांच्या खिलाडूपणावर बोट ठेवले. डॉन ब्रॅडमन यांनी आपल्या आत्मकथनात मांकड यांची बाजू घेतली. नियम स्पष्ट आहे, चेंडू टाकला जाण्याआधी पुढे सरकून फलंदाज अवाजवी फायदा घेतो, मग गोलंदाजाला दोष का, असा त्यांचा मुद्दा होता. प्रतिस्पर्धी कर्णधाराने इतके सांगूनही उपयोग झाला नाही. इंग्रजीत एक क्रियापद जन्माला आले आणि ते आपल्या मराठी वर्तमानपत्रांनीही 'मांकडिंग' म्हणून जसेच्या तसे उचलले. कुस्तीच्या हौद्यातून 'चीत' आणणाऱ्या भाषेला येथे आपला शब्द सुचला नाही, याची मला खंत वाटते. सुनील गावस्कर यांनी या शब्दाला वारंवार हरकत घेतली आहे. चूक ब्राउनची, मग नाव मांकडचे का, असे त्यांचे म्हणणे.

याच्या आधी, १८८२ साली, डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी ओव्हलवर याहून कडक गोष्ट केली होती. धाव पूर्ण करून खेळपट्टी थोपटायला पुढे आलेल्या सॅमी जोन्सला त्यांनी धावचीत केले. त्याही कृतीवर राग धरला गेला. ऑस्ट्रेलियाने चवताळून सामना जिंकला आणि त्या पराभवातून ॲशेसची कथा जन्मली. पण 'ग्रेसिंग' असा शब्द कुठे झाला? वसाहतीतला गोलंदाज नियमाने वागला तर त्याच्या नावाचे दूषण होते आणि साहेब नियमाने वागला तर त्याची दंतकथा होते. हे विधान थोडे सरसकट आहे, हे मान्य. पण ते मागे घ्यावे असे कारण मला अजून सापडलेले नाही.

येथे एक अवांतर. १३ डिसेंबर १९४७ ला भारताचा संघ सिडनीत खेळत होता, तेव्हा बिलोली त्या भारतात नव्हते. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने दोनच आठवड्यांपूर्वी, २९ नोव्हेंबरला, भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला होता. आमचा भाग भारतात आला तो सप्टेंबर १९४८ मध्ये. रेषेच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न त्या हिवाळ्यात इकडेही चालू होता, फार निराळ्या आणि फार गंभीर अर्थाने.

नियमाच्या पुस्तकात या प्रकाराची जागा दीर्घकाळ 'अनुचित खेळ' या सदराखाली होती. ऑक्टोबर २०२२ पासून तो तेथून काढून अडतिसाव्या नियमात, म्हणजे साध्या धावचीतात, आणला गेला. त्याच्या आठवडाभर आधीच, २४ सप्टेंबरला, लॉर्ड्सवर दीप्ती शर्मा यांनी चार्ली डीनला याच तऱ्हेने बाद करून एकदिवसीय मालिका ३–० अशी संपवली होती आणि मांकड यांच्या वाट्याला आलेली सगळी भाषा पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा ऐकू आली होती. मांकड स्वतः १९७८ मध्ये गेले. मुंबईत वानखेडे स्टेडियमच्या शेजारच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या मानवंदनेच्या यादीत त्यांना घेतले. हे सारे त्यांनी घेतलेल्या १६२ कसोटी बळींसाठी आणि केलेल्या धावांसाठी. ब्राउन त्या १६२ मध्ये नाही.

पुढच्या तासाला मी वर्गाला 'धावचीत'चा विग्रह लिहायला सांगितला. काहींनी 'धावेने चीत' लिहिले, काहींनी 'धावेत चीत'. मी दोन्हींना पूर्ण गुण दिले. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याने दोन्ही खोडून तिसरेच लिहिले होते : 'धावेसाठी चीत', चतुर्थी. व्याकरणाच्या दृष्टीने ते बसत नाही, असे मी शेरा म्हणून लिहायला घेतले. मग ब्राउन आठवला, चेंडू पडण्याआधीच निघालेला, आणि लाल पेन खाली ठेवला.